बोट बाहेर असताना वाजलेला ढोल

मुरबे या मच्छीमारांच्या गावात आमच्या आळीत एक रीत आहे. एखादी बोट परतली नाही, तर ती येईपर्यंत आळीत ढोल वाजत नाही. लग्न असो की गणपती, आळीच्या तोंडाशी आले की वाजवणारे ढोल खांद्यावर टाकतात आणि निमूट चालत पार देवळापलीकडे जातात. बोट आली की पहिला ढोल त्याच घरासमोर वाजतो. ही रीत मोडायची आजवर कुणाची टाप नव्हती.

माझा धाकटा भाऊ गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला, त्याला दोन वर्षं झाली. भर समुद्रात इंजिन बंद पडलं, पाण्याच्या ओढीबरोबर बोट हद्दीपलीकडे गेली आणि पाकिस्तानच्या लोकांनी सगळ्यांना धरून कराचीच्या तुरुंगात टाकलं. तेव्हापासून आळीत ढोल वाजला नव्हता. आमच्या पणजोबांची गलबतं सुकी मासळी घेऊन याच कराचीला जायची. तेव्हा तो शेजार होता. मग एकाचे दोन देश झाले. पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात, ही मेली टिकली.

दोन्हीकडचे मोठे लोक हसून बोलले की काही माणसं सुटायची, भांडले की आमचं नशीब पुन्हा कुलपात. दातिवऱ्याचा एक खलाशी असाच सुटून आला होता. आईला म्हणाला, "मावशी, तुमचा पोर बरा हाय. तुमच्या हातच्या कालवणाची लय आठवण काढतो." त्या एका वाक्यावर आईनं सगळा पावसाळा काढला.

आणि यंदा लढाई पेटली. मी बोईसरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांची डोकी मोबाईलमध्ये. "इस बार खतम ही कर दो," एक जण म्हणाला. कुणाला खतम करतोस रे बाबा? मी डबा तसाच झाकून घरी आणला. घरातला टीव्ही तर मी केव्हाचाच बंद करून ठेवला होता. आईला यातलं काही कळू नये, एवढीच माझी धडपड.

दिवेलागणीला आई मागच्या दारी बोंबील साफ करत होती आणि आमच्या दारासमोर ढोल वाजला.

आई ताडकन उठली. "आला गो! माजा पोर आला!" हात धुवायचंही भान नाही. तिनं तांब्या भरला, ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा मोडला आणि धावत सुटली. खरं सांगते, क्षणभर मलाही तो आलाच असं वाटलं. रीतच तशी, दुसरं वाटणार काय?

बाहेर पोरं नाचत होती. झेंडे, फटाके, पेढे. ढोल भावाच्या जिवलग दोस्ताच्या गळ्यात होता. दोघं एकाच ढोलावर शिकलेले. आई एकेकाला बाजूला सारत तोंडं बघत होती. "कुठं हाय? पुढं का येत नाय?"

दोस्तानं तिच्या हातावर पेढा ठेवला. "काकू, टीव्हीवर सांगितलं, कराची पेटली! बंदर उडवलं आपल्या लोकांनी!"

"तिथं माजा पोर हाय रं," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "मुडद्या, विसरलास? कुणाच्या दारात वाजवतोयस?"

"ताई, देशाचं हाय गो..."

"देश म्हंजे कोण? तो नाय देशाचा? दर पंधरा ऑगस्टला बोटीवर झेंडा कोण बांधायचा, तू?"

त्यानं ढोल गळ्यातून काढून खाली ठेवला. मला देश नकोय असं नाही हो. आपली माणसं मेली तेव्हा मीही रडले, माझंही रक्त उसळलं. पण जिंकायचं म्हणजे माझ्या भावाच्या डोक्यावरचं छप्पर पाडायचं, हे मी कुठल्या तोंडानं मागू?

आईनं समुद्राकडे तोंड केलं आणि सगळ्यांदेखत पदर पसरला. "देवा, त्यांचं गाव सांभाळ रं. त्यांच्या बंदराला काय होऊ नको देऊ."

"मावशी, असं बोलू नये," मागून कुणीतरी म्हणालं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला आमच्या आळीची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी कळलं, बातमी खोटी होती. बंदर जागच्या जागी होतं. पुढे लढाईही थांबली. पण आता हसून बोलणार कोण? माणसं सोडायचं नावसुद्धा कुणी काढत नाही. दोस्त एकदा येऊन आईच्या पायाशी बसला, रडला. आईनं त्याला चहा दिला.

परवा गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी हळदीचा ढोल वाजला. आईनं हातातलं काम टाकलं, कानात कापसाचे बोळे घातले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "आता कुठलं गाव पेटलं गो?"

उद्या तो खरंच सुटला तर आळी रीतीप्रमाणे दारासमोर ढोल वाजवेल. तो उंबऱ्याबाहेर उभा असेल, पाणी ओवाळून टाकायची वाट बघत. आणि आई आत कान बंद करून, ज्या शहरातून तो सुटून आला त्याच शहरासाठी देवाला हात जोडत बसलेली असेल.