वरून सगळं हिरवंच दिसतं

आधीच माफी मागतो. शुद्धलेखनाच्या चुका असतील, शब्दही साधेच आहेत. आठवीत शाळा सुटली माझी. पण आमच्या ड्रोनच्या टीममध्ये रोज काहीतरी घडतं, आणि चहाच्या टपरीवर सांगून सांगून किती सांगणार? किस्से उरतातच!

काम असं. मुलुंडकडच्या एका तलावावर मंगेश ड्रोन उडवून फोटो काढतो. कॉम्प्युटर फोटोंत जलपर्णी शोधून नकाशावर लाल रंग देतो. ती खरंच आहे का, हे मी बोटीतून जाऊन बघतो. जिथे लाल, तिथे मशीन येऊन सगळं उपटणार.

म्हणून शेवंतामावशीला धास्ती. तलावाच्या एका कोपऱ्यात नाळीची भाजी वाढते. ती कापून मावशी बाजारात विकते, घर त्यावरच. रोज दम देते, “सुन्या, माझा कोपरा लाल झाला ना, तर तुझ्या आईला येऊन सांगेन!”

*

मी कामाला लागलो तो दिवस. आमच्या टीमच्या मॅडमनी विचारलं, “ड्रोन उडवलायस कधी?”

“नाही.” माझी मान खाली.

“पोहता येतं?”

“हो.”

“मग ये उद्यापासून. ड्रोनला पोहता येत नाही!”

सर्टिफिकेट मागितलंच नाही. अजून मनातल्या मनात त्यांना हात जोडतो.

*

एकदा फिरायला आलेले एक काका मंगेशवर भडकले. “आमच्या खिडक्यांचे फोटो काढता काय रे?”

“नाही काका, नको असलेलं कुठे माजलंय ते शोधतोय.”

काका जवळ सरकले. “मग एक राउंड भांडुपला मार ना. जावई राहतो तिथे!”

*

पावसाळ्यात मी हिरवा रेनकोट घालून बोटीत बसलो होतो. संध्याकाळी नकाशा उघडला, तर तलावाच्या मधोमध एक लाल ठिपका. कॉम्प्युटरने मलाच जलपर्णी केलं होतं!

मॅडम म्हणाल्या, “पसरते का रे ही?”

मंगेश म्हणाला, “जेवल्यावर!”

*

आणि मग नकाशा पास करायची मीटिंग. मी ‘भाजी’ असं लिहून दिलं होतं, तरी मावशीचा कोपरा लालच! पालिकेच्या साहेबांनी सहीला पेन काढलं. मी उभा राहिलो.

“साहेब, ती... ती भाजी आहे.”

“कॉम्प्युटर तर जलपर्णी म्हणतोय.”

मॅडम म्हणाल्या, “कॉम्प्युटर वरून बघतो, साहेब. हा पाण्यात उतरतो.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “पुरावा आणा. उद्या अकरापर्यंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीकडून दोन जुड्या घेतल्या. एक आईला दिली, तिने लसूण घालून परतली. दुसरी जुडी, भाजीचा डबा आणि दोन भाकऱ्या साहेबांच्या टेबलावर नकाशाशेजारी ठेवल्या.

साहेबांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. दुसरी भाकरी मोडता मोडता नकाशा जवळ ओढला आणि म्हणाले, “हिरवं पेन आहे का कुणाकडे?”

पेन आणायला मी जिन्यावरून धावतच सुटलो.