केळीच्या कोठारातली मुलाखत

माझ्या धाकट्या भावाला नोकरी लागली तो सोमवार होता. काल फळांच्या गाडीजवळ पिकत्या केळ्यांचा वास आला आणि जळगावचं ते शीतगृह आठवलं. त्या सोमवारी आम्ही शिरपूरहून एसटीने तिथे गेलो होतो. तिथली गारव्याची यंत्रं सांभाळायचं काम मिळालं नाही, तर त्याला सुरतेला जावं लागणार होतं, आणि आईला ते नको होतं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. आतलं सगळं ऐकू येत होतं. मालकांनी विचारलं, "केळीचं कोठार किती गार ठेवशील?" तो म्हणाला, "फार गार नाही, शेठ. केळी गारठली की काळी पडतात. फ्रिजमध्ये ठेवली तर आमची आई लाटणं घेऊन मागे लागते." मालक खो खो हसले. "आधी आलेल्या सगळ्यांनी उत्तरातच माझ्या केळीचा पार बर्फ केला रे! उद्यापासून ये." तो धावतच बाहेर आला, "अक्का, माले नोकरी लागनी!" म्हणाला आणि माझे हात धरून त्याने भर अंगणात माझ्यासकट गिरकी घेतली. मागच्या वर्षी तो वारला. त्याने सांभाळलेली यंत्रं त्या कोठारात अजून चालू आहेत.