एक फूट अंतरावरचा आवाज

१२ जानेवारी, सकाळी अकरा. परळचा एक दवाखाना, फी आठशे रुपये. हजर तिघे: बाबा, मी आणि आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई.

बाबांना पार्किन्सन होऊन चार वर्षं झाली. हाताच्या थरथरीची आम्हाला सवय झाली होती. पण आवाज इतका बारीक झाला की फोनवर कुणाला ऐकूच येईना. म्हणून बाईंनी व्यायाम दिला होता: रोज सकाळी दहा वेळा मोठ्यानं 'आ' म्हणायचं. मोबाइल तोंडापासून एक फुटावर धरायचा आणि ॲपवर दिसेल तो डेसिबलचा आकडा लिहायचा.

मी फूटपट्टी लावून लिहीत होतो. तीन आठवड्यांत आकडा ७२ वरून ७९ वर गेला. चौथ्या आठवड्यात ७०, मग ६६, मग ६४. आजार पुढे सरकला, असं मी धरून चाललो. आईला काही बोललो नाही. रात्री मात्र डोळा लागत नव्हता.

बाईंनी वही पाहिली. माझाच मोबाइल घेतला, माझीच फूटपट्टी लावली.

"काका, म्हणा."

बाबांनी असा 'आ' लावला की बाहेर बाकावर बसलेला माणूस दारातून डोकावला. आकडा ८०.

"मग घरी ६४ कसे?" बाईंनी विचारलं.

"बाजूच्या खोलीत बाळंतीण आलीय. पोर वीस दिवसांचं. सकाळी सातला मी बोंबलू काय?"

"बाबा, मला सांगायचं ना!"

"तू विचारलंस कधी? तू नुसता लिहीत बसतोस."

बाई हसल्या. मला हसायला जरा वेळ लागला. शेजारची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय, हे मलाही ठाऊक होतं. वहीतल्या आकड्यांशी तिचा संबंध मी लावला नव्हता. बाईंना आठशे रुपये दिले आणि आम्ही टॅक्सीनं काळाचौकीला आलो.

संध्याकाळी बाबांना घेऊन शेजारी गेलो आणि त्या मुलीच्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो काका, खाली ढोल वाजले तरी हा उठत नाय. तुमचा 'आ' बंद झाला तेव्हा आम्हालाच काळजी वाटली. करा बिनधास्त!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ७८. दहाही वेळा 'आ' संपला की मी भिंतीला कान लावला. पलीकडे हूं की चूं नाही.

आंघोळ करून मी बाजूच्या खोलीत गेलो आणि झोपलेल्या बाळाच्या मुठीत एकशे एक रुपये ठेवले.