पोटातून आलेला आवाज

मी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. आमचे वर्ग रस्त्याच्या बाजूला, मुली दाटीवाटीने बसलेल्या, आणि माईक वगैरे प्रकार नाही. शेवटच्या बाकापर्यंत कविता पोचवायची ती गळ्याच्या जोरावरच. माझा आवाज तेव्हा खणखणीत होता. झेंडावंदनाच्या सूचना मीच द्यायचे. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास तो फाटायला लागला. सकाळी उठल्यावर घोगरा, पहिल्या तासाला जरा मोकळा आणि दुपारपर्यंत साफ बसलेला. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं आणि मी सारखी खाकरत राहायचे.

ज्येष्ठमध चघळून झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. आमचे नेहमीचे डॉक्टर दर वेळी नव्या गोळ्या द्यायचे. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. खडूची धूळ असेल म्हणून मी ओल्या फडक्याने फळा पुसायला लागले. अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं.

"पुढच्या वर्षी ग्रंथालय सांभाळाल का? रागावू नका, पण मागच्या मुलींना ऐकू येत नाही म्हणून पालक येतायत."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. विचार करून सांगते, असं मी म्हटलं. स्टाफरूममध्ये येऊन डबा न उघडताच बसून राहिले.

एका सहकारी बाईंनी मला कान-नाक-घशाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांच्याकडे टीव्हीला जोडलेली दुर्बीण होती. जीभ कापडात धरून बाहेर ओढली, नळी घशात घातली आणि पडद्यावर मला माझंच स्वरयंत्र दिसलं. दोन पांढऱ्या पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या, आणि त्यांच्या मागचा सगळा भाग लाल, सुजलेला. एवढी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं ते इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं.

"रात्री जेवता कधी?" त्यांनी विचारलं.

घशाचा आणि जेवणाचा काय संबंध ते मला कळेना. मी सांगितलं. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात होते. बहुतेक दुसरी पाळी. कंपनीची बस त्यांना सोडायची तेव्हा गल्ली झोपलेली असायची. त्यांच्याआधी मी जेवत नव्हते. जेवण झालं की लगेच आडवं व्हायचं, कारण माझी शाळा सकाळची.

"छातीत जळजळ होते?"

"नाही. पित्ताचा त्रास मला कधीच नव्हता."

"काहींना छातीत जळत नाही," त्या म्हणाल्या. "पण पोटातलं आम्ल झोपेत वर येतं, अगदी घशापर्यंत, आणि स्वरयंत्राला भाजतं. निदान मला तसं वाटतं. खात्री नाही. तेच मी तपासून बघतेय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आवाज बसलेल्या रुग्णांचा त्या अभ्यास करत होत्या. काहींना आम्ल कमी करणारी गोळी मिळणार होती, काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली मिळते ते रुग्णालाही कळणार नव्हतं आणि त्यांनाही. जेवण लवकर करायचं, उशी उंच घ्यायची आणि आवाजाचे व्यायाम करायचे, हे मात्र सगळ्यांना सारखं.

"सक्ती नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नको असेल तर नेहमीसारखे उपचार करू."

मी तयार झाले. ग्रंथालय टळेल अशी कुठलीही गोष्ट मी तेव्हा केली असती.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर मखमलाबादकडचे एक फूलवाले शेतकरी भेटले. मळ्यात शेवंती, झेंडू. विकायला रोज सकाळी फुलबाजारात. त्यांचा आवाज दिवाळीपासून बसलेला, त्यामुळे त्यांच्या वतीने त्यांची बायकोच बोलत होती.

"ह्यांला पित्त लय. त्येच घशाशी येतंय," ती म्हणाली. "तंबाखूबी सुटत नाय. ह्यांची हाळी अशी असायची बाई, पार पुलापर्यंत ऐकू जायची."

ते नुसतेच हसले. हसताना घशातून हवा गेल्यासारखा आवाज आला.

त्यांना आत बोलावलं. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ते आत होते. बाहेर आले तेव्हा हातात गोळ्यांची पिशवी नव्हती, नुसती चिठ्ठी होती.

"मला त्या अभ्यासात घेत नायत," ते कुजबुजत म्हणाले. "तुकडा काढून तपासाया पाठवायचाय."

बायको माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुकडा काढत्यात म्हंजे काय असतंय?"

मला अंदाज होता. पण तिच्या तोंडाकडे बघून मी एवढंच म्हणाले, "तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नसतं. पण तुम्ही उशीर करू नका."

खरी अडचण पुढे घरीच होती. मी आता संध्याकाळीच जेवणार असं सांगितल्यावर हे गप्प झाले. रागावले नाहीत, पण दोन-तीन दिवस नीट बोललेही नाहीत. ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते एकटे जेवून, ताट घासून झोपायचे. शेवटी एका रविवारी म्हणाले, "दिवसभर मशीनच्या आवाजात असतो मी. कुणाशी चार शब्द बोलायचे तर ते जेवतानाच. आता भिंतीशी बोलू?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या जेवणाचं त्यांना एवढं अप्रूप असेल हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मीच त्यांच्यासाठी थांबते. मग आम्ही असं ठरवलं, की मी आधी जेवायचं, आडवं न होता वह्या तपासत बसायचं, आणि ते आले की त्यांच्यासमोर नुसतं बसायचं. पहिल्यांदा विचित्र वाटलं. रिकाम्या हातांचं काय करावं कळेना. ते घास तोंडाशी नेता नेता थांबायचे आणि म्हणायचे, "अगं, एक तरी घे." मी मान हलवायचे. हळूहळू सवय झाली.

गोळ्या संपल्या. आवाजाचे व्यायाम मी नेमाने केले. ओरडून नाही, श्वासावर बोलायला शिकले. पाऊस सरता सरता घशातली ती अडकलेली गोष्ट गेली. आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला नाही, तो कायमचाच जरा खाली उतरला. पण शेवटच्या बाकापर्यंत पोचू लागला. मुख्याध्यापिकांनी एकदा वर्गाबाहेर उभं राहून ऐकलं आणि ग्रंथालयाचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढे अभ्यास पूर्ण झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं.

"तुमची गोळी कुठली होती ते आता सांगता येईल," त्या म्हणाल्या. "बिनऔषधाची होती."

"मग मी बरी कशी झाले?"

"जेवणाची वेळ बदलली, व्यायाम केले, घशाला विश्रांती मिळाली. नक्की कशाने, ते सांगता नाही येणार." त्यांनी समोरची फाईल मिटली. "औषधवाले आणि बिनऔषधवाले जवळपास सारखेच सुधारले. मला वाटलं होतं तसं काही निघालं नाही."

त्यांनी त्यावर बरीच वर्षं घातली होती. मी विचारलं, "मग आता?"

"जसं निघालं तसंच लिहायचं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करणार?"

त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता, पण हे वाक्य त्यांनी जराही न अडखळता म्हटलं.

मग त्यांनीच विचारलं, "ते फूलवाले आठवतात? शेजारच्या खोलीत आहेत."

त्यांचा कॅन्सर निघाला होता. मुंबईला ऑपरेशन होऊन अख्खं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. मी त्या खोलीत गेले. गळ्यावर श्वासासाठी भोक आणि त्यावर पांढऱ्या जाळीच्या कापडाची घडी. मला बघून त्यांनी हात जोडले. समोर आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या, त्याच मलाही शिकवायच्या.

"हवा गिळायची अन् ढेकर काढल्यागत वर आणायची," बायकोने मला सांगितलं. "त्या ढेकरातच बोलायचं. ह्यांला लाज वाटती. बायामाणसांसमोर ढेकर कसा द्यायचा म्हंत्यात खुणेनं."

"आज 'पा' म्हणायचं," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

त्यांनी हवा गिळली. काही आलं नाही. पुन्हा गिळली. कपाळावर शीर ताठ झाली. मी बाहेर जायला उठणार तेवढ्यात खोल कुठूनतरी, घागर पाण्यात बुडताना होतो तसा, एक जाड आवाज आला.

"पा... ट."

बायको आधी फसकन हसली आणि मग तिने पदर तोंडाशी धरला. "पाट म्हणाले! पाटाला पाणी सुटलंय ना, तेच डोक्यात हाय."

ते पुन्हा म्हणाले, "पाट." मग खुणेने तिला सांगितलं, की पाणी कुणी भरतंय का बघ. ती रडत रडतच म्हणाली, "भरतोय, भरतोय. तुमचा भाऊ भरतोय."

त्यानंतर सणासुदीला मी त्यांच्याकडूनच फुलं घ्यायला लागले. ते तुटक बोलायचे, एकेक शब्द हवेचा घोट घेऊन. नवीन गिऱ्हाईक दचकून बघायचं. जुनी माणसं वाट बघत उभी राहायची. हाळी मात्र आता बायको द्यायची.

एका दसऱ्याला ती एकटीच होती. मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं, "उन्हाळ्यात गेले, बाई. दुखणं पुन्हा उलटलं."

मी तिच्या हातावर हात ठेवला.

"शेवटपर्यंत बोलत होते," ती म्हणाली. "माझ्याशी लय भांडलेबी."

मग मागून कुणीतरी झेंडूचा भाव विचारला, आणि ती तराजू उचलून वळली.