दाराआडचा पाय

कल्पना करा, तुमच्यासमोर स्टुलावर एक माणूस बसलाय. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली वीतभर अंतरावर संपतो. तुम्हाला प्लास्टरची पट्टी पाण्यातून काढायची, हलकेच पिळायची आणि त्या उरलेल्या पायाला गुंडाळायची आहे. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. आधी कितीही सांगा, माणूस दचकतोच. त्याच्याशी गप्पा मारत राहायचं, पण गुडघ्याच्या वाटीखाली दाबून धरलेले अंगठे हलू द्यायचे नाहीत. अंगठे हलले की साचा गेला.

आणि सगळ्यात अवघड काम त्यानंतरचं. पाय तयार होतो, माणूस तो चढवतो आणि पहिल्यांदा उभा राहायला निघतो. त्याआधी, त्याच्या डोळ्यांत बघून तुम्हाला म्हणायचं असतं, "टोचलं तर चूक माझी. कुठे ते सांगा."

ताई काम करते त्या कृत्रिम पायांच्या कारखान्यात हे वाक्य म्हटल्याशिवाय कुणालाही उभं करत नाहीत. रीत घालून दिली मिस्त्रींनी, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या कारागिरानं. "लोक फार भिडस्त असतात गं," ते म्हणतात. "तू एवढी मेहनत घेतलीस म्हणून दातांवर दात दाबून 'छान आहे, छान आहे' म्हणतात, घरी जातात आणि पाय टाकतात कपाटात. आपण आधी चूक कबूल केली की त्यांचं तोंड उघडतं."

ताईच्या हातचे पाय घालून माणसं बाजारहाट करत होती, बस चालवत होती. एकानं तर मुलीच्या लग्नात नाचून, उरलेला पाय जिच्यात बसतो त्या खोबणीला तडा पाडला आणि खुशीत दुरुस्तीला आणला. फक्त घरचा पाय तेवढा दाराआड उभा होता. तिच्या धाकट्या भावाचा.

धाकटा सैन्यात होता. सरकारनं सीमेपलीकडे एक युद्ध छेडलं. ते कशासाठी हे आधी फार थोड्यांना कळलं, आणि संपलं तेव्हा कुणालाच आठवेना. धाकटा पाय तिकडे ठेवून आला. ताईला त्यानं साचा घेऊ दिला. पाय तयार झाल्यावर मात्र हाताची घडी घालून बसला.

"तो माणूस टीव्हीवर येऊन म्हणू दे, 'माझं चुकलं.' त्या दिवशी घालीन."

तो माणूस म्हणजे राष्ट्राध्यक्ष.

"अरे, तो काय तुझ्या घड्याळावर चालतो?" आई म्हणाली. "आणि तोवर नळ गळतोय तो कोण दुरुस्त करणार? तोच येणार का पान्हा घेऊन?"

धाकटा हसला नाही. पाय दाराआड राहिला. आई रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. मग तिनं त्याला छत्री अडकवायला सुरुवात केली. "उभाच आहे तर काहीतरी कामाला येऊ दे."

ताईला मात्र हसू येत नव्हतं. खुर्चीत बसून बसून धाकट्याचा गुडघा आखडत चालला होता. आणखी काही महिने असेच गेले, तर पाय सरळ होणार नव्हता आणि मग जगातला कुठलाच कारागीर त्याला उभा करू शकणार नव्हता. तिनं हे त्याला समजावून सांगितलं, भांडून सांगितलं, एकदा रडूनही सांगितलं. तो म्हणायचा, "त्याला सांग."

अखेर एके दिवशी जाहीर झालं की राष्ट्राध्यक्ष संध्याकाळी युद्धाबद्दल बोलणार आहेत. माफी मागणार अशी कुजबुज होती. धाकट्यानं दाढी केली. ताई कामावरून लवकर आली. शेजारच्या मावशीही येऊन बसल्या, त्यांचा टीव्ही बंद पडला होता म्हणे. मावशींचा मुलगा धाकट्याच्याच तुकडीत होता. तो परत आला नव्हता.

राष्ट्राध्यक्ष पुष्कळ बोलले. त्याग म्हणाले, कठीण काळ म्हणाले, इतिहास म्हणाले. "त्या वेळी जे योग्य वाटलं ते आम्ही केलं," असं म्हणून त्यांनी कागद आवरले.

धाकट्यानं टीव्ही बंद केला. आणि मावशींनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की सगळ्यांनी वळून पाहिलं.

"बरं झालं बाई," मावशी म्हणाल्या. मग धाकट्याकडे बघून ओशाळल्या. "रागावू नकोस रे. दिवसभर घास उतरला नाही मला. तो 'चुकलं' म्हणाला असता, तर माझा पोरगा चुकून गेला असं झालं असतं ना?"

धाकट्यानं 'माझं चुकलं' या वाक्याची वाट पाहिली होती, आणि त्याच वाक्याच्या भीतीनं भिंतीपलीकडे मावशी उपाशी बसल्या होत्या. हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"तो तसं म्हणाला नाही, मावशी," शेवटी तो हळूच म्हणाला. "जेवून घ्या आता."

मावशी गेल्या. तो मावशींच्या भिंतीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, "ताई, आण तो पाय."

"काय?"

"बहिरी झालीस का? पाय आण. तो बोलायचा नाही. त्याच्यासाठी मी माझा गुडघा का घालवू?"

आईनं छत्री काढली. ताईनं पाय चढवला. शेकडो पाय चढवले असतील तिनं, पण घाईत, आनंदात, नेमकं ते वाक्य म्हणायचं राहून गेलं. धाकटा खुर्चीचे हात धरून उठला, सरळ झाला आणि पाठीमागे कलला. ताईनं धरलं म्हणून, नाहीतर डोकं भिंतीवरच आदळलं असतं.

"बघ!" तो ओरडला. "घे, बघ! मला काही जमणार नाही!"

"तू गप्प बस. तुझी नाही, चूक माझी," ताई म्हणाली. सवयीनंच तोंडातून गेलं. ती खाली बसली, त्याच्या पावलांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. मी हा पाय तुझ्या बुटांच्या टाचेवर बेतलाय. तू अनवाणी आहेस. टाच खाली गेली की पाय मागे ढकलणारच."

"कुठले बूट?"

"तुझे. सैन्यातले. कपाटातून नेले होते."

धाकट्याचा चेहरा बदलला. "ते बूट मी पुन्हा घालीन असं वाटलं तुला?"

ताईकडे सबबी होत्या. घरात दुसरे बूटच नव्हते, तो तर बोलतच नव्हता, ती दमलेली असायची. यातलं ती काही बोलली नाही.

"मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चुकलं माझं."

धाकटा पुन्हा खुर्चीत बसला. आधी त्याचे खांदे हलले. तो रडतोय असं वाटून आई पुढे झाली, तर तो हसत होता, मग दोन्ही करत होता.

"एवढंच असतं?" तो म्हणाला. "एवढंच म्हणायचं असतं?"

"कुठे टोचतंय ते सांग आता."

त्यानं नडगीच्या टोकावर बोट ठेवलं. "इथे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि जे नाही ना, त्या पावलाचा अंगठा. तो सारखा दुखतो. कुणी वेड्यात काढेल म्हणून बोललो नाही."

"वेड्या, सगळ्यांचा दुखतो. त्यावरही उपाय असतात. सांगायचंस ना!"

ताईनं पिशवीतून स्क्रू फिरवायची ॲलन की काढली. पावलावरच्या सांध्याचा एक स्क्रू सैल केला, समोरचा आवळला, पंजा जरासा वर आला. नडगीपाशी पातळ फोम चिकटवला. धाकटा उठला. या वेळी तो मागे कलला नाही. भिंतीला हात लावत, गुडघा कुरकुरत, तो स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि सिंकला टेकून उभा राहिला.

"पान्हा कुठे आहे?"

"आधी उभा तर राहा नीट!" आई ओरडली, आणि पान्हा शोधायला धावली. वाटेत छत्री हातात घेऊन थबकली. "आता ही अडकवू कुठे?"

त्या घरात बऱ्याच महिन्यांनी सगळे एकदम हसले. मावशींनी पलीकडून भिंतीवर थाप मारून विचारलं, काय झालं म्हणून.

"नळ दुरुस्त होतोय, मावशी!" ताईनं ओरडून सांगितलं. तिला इतकं हलकं वाटत होतं की उभ्याउभ्या झोप आली असती.

धाकट्याचं म्हणणं बदललेलं नाही. "माफी हवीच," तो म्हणतो. "फक्त आता उभा राहून मागेन." तो आता मावशींच्याही घरचा नळ बघायला जातो. तिथे मात्र तो हा विषय काढत नाही.

ताईलाही वाटतं, त्या माणसानं म्हणायला हवं. चूक कबूल केल्याशिवाय लोक कुठे टोचतंय ते सांगत नाहीत, हे ती रोज बघते. पण मग मावशींचा तो सुस्कारा आठवतो. तिनं मिस्त्रींना विचारून पाहिलं, तर ते साचा घासत राहिले आणि म्हणाले, "मी फक्त पाय बनवतो, बाई." म्हणून तिचा प्रश्न तसाच आहे. 'चुकलं माझं' हे अशा कोणत्या शब्दांत म्हणायचं, की धाकट्याला ते ऐकू जाईल आणि मावशींच्या घशाखाली घासही उतरेल?