दिव्यानीने डिस्ट्रिब्युटर फिरवला नाही

दिव्यानी आणि मी बारावीपर्यंत एका बाकावर होतो. मी पुढे मराठी साहित्य घेतलं, ती आयटीआयला गेली. गडचांदूरला जिवतीच्या फाट्यावर मुखरूभाऊंचं गॅरेज आहे. तिथे ती पंक्चर काढायची, गाड्या धुवायची. इंजिन मुखरूभाऊ कुणाच्या हाती देत नसत.

या हिवाळ्यात मिथुनची व्हॅन आली. मिथुन जिवतीच्या घाटात सवाऱ्या नेतो. इंजिन उघडलं तर मधल्या पिस्टनला भोक पडलेलं. मुखरूभाऊंची कंबर धरली होती. ते दिव्यानीला म्हणाले, "तू बांध. मिथुननं पास केलं त यापुढं इंजिनचं काम तुह्यं. नाई त पंक्चर हायच."

त्या दिवशी मी स्टुलावर बसून बघत होते. खाली पिस्टनच्या क्रँकची खूण, वर व्हॉल्वच्या कॅमची खूण. दोन्ही जुळवून तिने टायमिंगचा पट्टा चढवला. मग पाना लावून इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवलं. वरची खूण एका दाताने सरकलेली दिसली.

"एका दातानं काय होते?" मी विचारलं.

"व्हॉल्व बेवक्त उघडते," ती म्हणाली. पट्टा उतरवला. पुन्हा चढवला.

इंजिन चालू झालं. ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. तिने टायमिंग लाइट धरून तो हळूहळू फिरवला. चमकत्या उजेडात खूण जागेवर थांबल्यासारखी दिसली, तेव्हा बोल्ट आवळला.

मिथुन एक चक्कर मारून आला. "पिकअप कुठी हाय? पैले कशी उडत होती."

"थोडा घुमव ना वो," मुखरूभाऊ म्हणाले.

इथली रीतच तशी. घाटाची गाडी असली की मिस्त्री कानाने डिस्ट्रिब्युटर पुढे घेतात. ठिणगी लवकर पडते, गाडी जोर धरते. पण वर पेट्रोल मिळतं ते किराणा दुकानातल्या बाटलीत, भेसळीचं. चढावर इंजिन टकटक वाजायला लागतं. त्या आवाजाला सगळे ताकद म्हणतात.

"नाई घुमवत," दिव्यानी म्हणाली.

"काऊन?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"पिस्टन पाह्यला ना भाऊ. घुमवूनच जळला."

आधी डिस्ट्रिब्युटर मुखरूभाऊंनीच फिरवला होता. त्यांनी पाना उचलला. "सरक. मी घुमवतो."

ती इंजिनपुढून हलली नाही. "घुमवा. मंग हे इंजिन दिव्यानीनं बांधलं म्हनू नोका. अन् मी पंक्चरवर बसत नाई. आत्ताच घरी चालली."

मी तिचा हात धरणार होते. धरवला नाही. ही नोकरी गेली तर तिला दुसरं गॅरेज नव्हतं. दोन ठिकाणी तिला हसून परत पाठवलं होतं.

ती मिथुनकडे वळली. "सवाऱ्या भर. मी चालवतो. घाट नाई चढली त भाऊले घुमवू दे."

बाजार करून परतणाऱ्या बायका टोपल्या घेऊन आत बसल्या. मी मागे दाटीत. घाट लागला. व्हॅन हळू चढत होती. एक जीप भोंगा वाजवत पुढे गेली.

"यापक्षा बैलबंडी बरी," मिथुन म्हणाला.

"उतर मंग. मांगून येऊन राह्यली एक."

बायका हसल्या. शेवटच्या वळणावर तिने पहिला गिअर टाकला. माझ्या शेजारच्या कमलाबाई कान देऊन बसल्या होत्या. "मिथुन, आज टकटक नाई येऊन राह्यली. गाडी बिघडली का रे?"

"सुधरली, बाई," दिव्यानी म्हणाली. माथा आला.

मिथुन अजून फुगलेलाच होता. "जिवतीत दुसऱ्या मिस्त्रीकडून घुमवून घेतो."

तिने गाडी थांबवली, इंजिनवरची सीट उचलली आणि खिशातून नखांच्या रंगाची बाटली काढली. डिस्ट्रिब्युटरवरून खालच्या लोखंडापर्यंत लाल रेघ ओढली. "घे. रेघ सरकली त मले दिसन. मंग पिस्टन घेऊन माह्यापाशी येऊ नोको."

सवाऱ्या जिवतीत उतरवून परत आलो तेव्हा मुखरूभाऊ पाना घेऊनच उभे होते. "घुमवू का रे?"

मिथुनने सीट उचलली. रेघेकडे पाहिलं. "राहू द्या," तो म्हणाला. "हळू जाते. पन जाते."

दिव्यानी थांबली नव्हती. कोपऱ्यात इंजिनचं हेड खराब झालेली एक जीप कधीची उभी होती. तिने त्या हेडचे बोल्ट सोडायला घेतले.

"म्या म्हनलं का ते उघडाले?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"नाई म्हनलं," ती म्हणाली, आणि पुढचा बोल्ट सैल केला.

मुखरूभाऊंनी बोल्ट ठेवायची ताटली पायाने तिच्याकडे सरकवली.