तीन नंबरचा ढब्बू

माझा मामा सडाफटिंग. दोन खोल्या, एक कॉट, एक खुर्ची आणि खुर्चीसमोर टेबल. पाहुण्याने कॉटवर बसायचं. पाहुणे म्हणजे मी एकटीच, तेही महिन्यातून एकदा, आणि खरं सांगायचं तर नाक मुरडतच. तिथे गेलं की तासभर रेडिओ ऐकावा लागायचा. रेडिओ म्हणजे गाणी नव्हेत, खरखर आणि त्यातून लांबच्या कुणाकुणाचं बोलणं.

मामा मोजमापाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात होता. शेजारच्या टेबलावर एक जाडजूड गृहस्थ बसायचे, त्यांना सगळे ढब्बू म्हणायचे. बावीस वर्षं हे दोघं खांद्याला खांदा लावून बसले आणि एकमेकांची उणीदुणी काढत राहिले. म्हणजे काढायचे ते ढब्बूच. मामाचा सोल्डरचा टाका पाहून म्हणायचे, "काय रे, हे सोल्डरिंग आहे की कावळा शिटलाय?" त्यांच्या टाक्याला नावं ठेवायची मात्र कोणाची टाप नव्हती. मामाने जंग जंग पछाडलं, पण त्यांची एक चूक सापडली असेल तर शपथ.

सुट्टीच्या दिवशी ढब्बूंनी घरी बसून रेडिओचे डबे बनवले, एकूण अकरा. हा नेहमीचा रेडिओ नाही. डबा फक्त हवेतल्या लहरी पकडून संगणकाला देतो. त्यातून आवाज वेगळा काढायचं काम संगणकातला प्रोग्राम करतो. या डब्यांचं नावही ढब्बूच. तीन नंबरचा त्यांनी मामाला दिला, झाकणाच्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका ठेवून. म्हणाले, "उघडलास तर मला कळेल. तुझा हात लागला की चालती वस्तू बंद पडते."

मग ढब्बू गेले. बसल्या जागी, कुणाला काही न सांगता. वर्षाच्या आत मामाच्या जुन्या संगणकानेही मान टाकली. नव्यावर नवा प्रोग्राम घ्यावा लागला. ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून तो लिहितात. त्यात चालणाऱ्या डब्यांची यादी होती, शंभरावर नावं. ढब्बू नव्हता. डबा तारेने जोडलेला, दिवा लागलेला, आणि पडद्यावर अक्षरं: कोणतेही उपकरण सापडले नाही.

"सापडलं नाही म्हणतोय! समोर ढळढळीत बसलाय!" मामा फोनवर माझ्यावर ओरडला, जसा काही तो प्रोग्राम मीच लिहिला होता.

"मग दुसरा डबा घे की," मी म्हटलं. त्यानंतर दोन आठवडे त्याने मला फोन केला नाही.

सदुसष्टाव्या वर्षी मामा प्रोग्राम लिहायला शिकला. ढब्बूचं नाव त्या यादीत घालायचंच, एवढं एकच त्याच्या डोक्यात. नाहीतर अकराही डबे भंगारात जाणार आणि त्या माणसाच्या हातचं काहीही चालू राहणार नाही. आठ महिने तो त्यात होता. कॉटवरही कागद पसरलेले असायचे. मी ते उचलून मांडीवर घेऊन बसायचे. एकाच कपाचा चहा करायचा हात त्याला इतका बसला होता, की मी गेले तरी तेवढाच व्हायचा आणि आम्ही अर्धा अर्धा प्यायचो.

शेवटी एकदाचा आवाज आला, पण उलटा. डब्यातून लहरींच्या दोन धारा संगणकात जातात. त्यांची अदलाबदल झाली, की सगळं आरशात पाहिल्यासारखं होतं आणि माणसाच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नाही. मामाला वाटलं, ढब्बूने डबे मुद्दामच असे केले असणार. ढब्बू चुकेल हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याने एक ओळ लिहून धारा पुन्हा उलट केल्या, आणि बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

प्रोग्रामवाल्यांची अट होती: दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यावर चालवून दाखवा, मगच यादीत नाव. मामाने शोध घेतला. सात नंबरचा डबा असलेल्या कुठल्याशा शिक्षिकेचं उत्तर आलं: चालतो, पण सगळं उलटं येतं.

"बाईंनीच काहीतरी घोळ घातलाय," मामा भडकला. मग नऊ नंबरवाल्यानेही तेच कळवलं. म्हणजे वेगळा होता तो मामाचाच डबा.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण त्या सकाळी मी कॉटवर होते. मामाने स्क्रू फिरवला. लाल ठिपक्याचा टवका उडाला, तो त्याने बोटाने टिपून बशीत ठेवला. झाकण काढलं. आत त्या दोन धारांच्या दोन तारा, पण लाल तारेच्या जागी पिवळी होती आणि पिवळीच्या जागी लाल. टाके मात्र सुबक.

"चुकला!" मामा ताडकन उभा राहिला. "ढब्बू चुकला! बावीस वर्षं मला नावं ठेवली आणि माझ्याच डब्यात तारा उलट्या!" तो हसत सुटला, टेबलावर थापा मारू लागला. हसता हसताच त्याने फोन उचलला, चार-पाच आकडे दाबले, आणि थांबला.

फोन त्याने सावकाश खाली ठेवला. मी हसले, पण उशिरा. माझ्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं, की मला ती गंमत पुरती समजलेली नाही. मला फार वाईट वाटलं. इतकी मोठी गंमत हाती लागली, आणि ती सांगण्याजोगा एकुलता एक माणूस राहिला नव्हता.

धारा उलट करणारी ती ओळ त्याने प्रोग्राममधून काढून टाकली. महिन्याभरात यादीत नाव आलं, ढब्बू. सात नंबर चालला, नऊ नंबर चालला. ज्याने आठ महिने घातले, त्याचा तेवढा उलटा. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, की मामा ती ओळ आपल्यापुरती पुन्हा घालतो. दर वेळी, हाताने.

परवा मी वैतागून म्हटलं, "अरे मामा, दोनच तर तारा आहेत. दहा मिनिटांत बदलशील. कशाला ही दर वेळची कटकट?"

त्याने डबा जरा स्वतःकडे ओढून घेतला. स्क्रूवर नवा लाल ठिपका होता.

"राहू दे," तो म्हणाला. "एवढी एकच चूक सापडली त्याची. ती पण दुरुस्त करून टाकू?"